छोट्या गाडीमागचा बंदिस्त ट्रेलर: आधी वजनाचा हिशेब, मग सुतारकाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एका ढोल-ताशा पथकाला गणेशोत्सवात आणि इतर कार्यक्रमांच्या वेळी ढोल, ताशे, ध्वज, घडीची टेबले आणि ध्वनियंत्रणा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावी लागते. दर वेळी व्हॅन भाड्याने घेण्यापेक्षा ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब असा बंदिस्त ट्रेलर घरच्या गॅरेजमध्ये बांधावा आणि तो एका सभासदाच्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीमागे जोडावा, असा विचार आहे. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा १५०० पौंड आणि दांडीवरच्या भाराची मर्यादा १५० पौंड अशी दिली आहे. पेटी पाऊण इंची प्लायवूडची करावी का, ॲक्सल मधोमध बसवावा का आणि सांगलीकडच्या नातेवाइकांनी पाठवलेले ट्रॅक्टर-ट्रॉलीचे आराखडे वापरता येतील का, असे तीन उपप्रश्न आहेत.

शेवटच्या उपप्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो: ते आराखडे बाजूला ठेवा. आपल्याकडच्या कारखान्यांतून निघणारी ट्रॉली उत्तम असते, पण ती कमी वेगाने काही टन ऊस किंवा खडी वाहण्यासाठी केलेली असते. तिची जोडणी सैल खिळ्याची असते आणि तिचा लोखंडी सांगाडाच तुमच्या गाडीच्या एकूण मर्यादेचा मोठा भाग खाऊन टाकील. महामार्गावर ताशी ६० मैलांनी धावणाऱ्या हलक्या ट्रेलरचे प्रश्न मुळातच वेगळे आहेत. तिथे ताकदीपेक्षा वजन, वजनाची जागा आणि वारा यांचा विचार आधी करावा लागतो.

बहुतेक जण पेटीपासून सुरुवात करतात, म्हणजे आत काय काय मावले पाहिजे हे ठरवून माप काढतात आणि मग ते वजन ओढू शकेल अशी आशा गाडीकडून धरतात. क्रम उलटा हवा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या होंडा सीआर-व्ही किंवा टोयोटा रॅव्ह-फोर यांच्या बऱ्याच आवृत्त्यांना हीच १५०० पौंडांची मर्यादा असते आणि ती मालासकट पूर्ण ट्रेलरची मर्यादा आहे. त्यातही दांडीवरच्या भाराचा आकडा तुमचे हात अधिक बांधतो. अमेरिकेतील सर्वसाधारण शिफारस अशी की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर, म्हणजेच गाडीमागच्या जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर (बॉलवर), आला पाहिजे. १५०० पौंडांचे १० टक्के बरोबर १५० होतात. याचा अर्थ पूर्ण भरलेल्या ट्रेलरला तुमच्याकडे वरच्या बाजूने काहीच सवलत उरत नाही. मी १२ टक्क्यांच्या आसपास राहणे पसंत करतो आणि १२ टक्क्यांनी १५० ची मर्यादा सांभाळायची तर एकूण वजन १२५० पौंडांपुढे जाता कामा नये. म्हणून तुमच्या ट्रेलरसाठी १५०० नव्हे, तर १२०० पौंड हा आकडा धरून चाला.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण ब्रिटन किंवा जर्मनीतील चित्रफिती पाहून तो होतो. युरोपात त्याच प्रकारच्या गाड्यांना बरीच जास्त ओढण्याची परवानगी दिलेली दिसते आणि मग अमेरिकेतील आकडा उगाच घाबरून दिला आहे असे वाटते. तिकडे दांडीवरचा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरला जातो आणि ट्रेलरसह गाडी चालवताना वेगाचे बंधनही कडक असते. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. तिकडचा आकडा घेऊन इकडच्या महामार्गावर इकडच्या वेगाने धावणे हे दोन्हीकडच्या नियमांतले सोयीचे तेवढे उचलण्यासारखे आहे. शिवाय दांडीवरचे १५० पौंड गाडीच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेले असते. त्यातून आधी हे १५० पौंड वजा करा, मग पथकातले किती जण त्याच गाडीत बसतील ते ठरवा.

आता १२०० पौंडांची वाटणी पाहू. दोन इंची चौरस, अष्टमांश इंच जाडीची पोलादी नळी दर फुटाला ३ पौंडांहून किंचित जास्त भरते. ८ बाय ४ ची चौकट आणि तीन आडवे पट्टे धरले तर ३६ फूट, म्हणजे सुमारे ११० पौंड होतात. दांडी, ॲक्सल, पाटे (स्प्रिंगा), चाके, कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी खोबण), पुढचा जॅक आणि मडगार्ड मिळवले की सांगाडा ३२० पौंडांच्या आसपास जातो. पेटीला ४ फूट उंची धरली तर तळ, छप्पर, दोन बाजू आणि पुढचा-मागचा भाग मिळून ४ बाय ८ चे पाच पत्रे लागतात. पाऊण इंची प्लायवूडचा एक पत्रा ६५ पौंडांच्या घरात असतो, म्हणजे पाचांचे ३२५ आणि वर बिजागऱ्या-कुलपे. त्याऐवजी तळाला अर्धा इंची आणि बाकी सर्वत्र पाव इंची प्लायवूड घेऊन आतून बारीक लाकडी चौकट दिली, तर लाकूड, प्लायवूड आणि सर्व जोडसामान धरून पेटी २३० पौंडांत बसते. पाऊण इंची पेटीपेक्षा ती सुमारे १३० पौंडांनी हलकी होते आणि हे १३० पौंड तुमच्या सामानाच्या वाट्याला येतात. सांगाडा आणि हलकी पेटी मिळून ५५० पौंड, म्हणजे सामानाला ६५० उरतात. ढोल आकाराने मोठे पण वजनाने हलके असल्यामुळे पथकासाठी हे पुरेसे आहे. सांभाळायचे ते टेबले आणि स्पीकर यांच्याकडे.

पाव इंची भिंत टिकेल का, ही शंका रास्त आहे. ती टिकते, पण प्लायवूड चौकटीला नुसते स्क्रूने अडकवलेले नसून डिंकाने सलग चिकटवलेले असेल तरच. बाहेरच्या वापराचा पॉलियुरेथेन चिकटद्रव चौकटीच्या प्रत्येक पट्टीवर लावून स्क्रू केवळ तो वाळेपर्यंत दाब देण्यासाठी वापरले की कातडी आणि सांगाडा मिळून एकसंध पेटी तयार होते आणि वेडेवाकडे पिळणारे बल सगळ्या पत्र्यावर पसरते. या पेटीची दुबळी बाजू मागची असते, कारण तिथे दारासाठी पूर्ण भोक असते. म्हणून मागच्या तोंडाभोवतीची चौकट इतर भागांपेक्षा रुंद घ्या आणि चारही कोपऱ्यांना प्लायवूडचे त्रिकोणी तुकडे आतून चिकटवा. खाली उतरून रॅम्प होणारे दार मोहक असते, पण ते जड असते आणि ते वजन नेमके शेपटाला येते. ढोल हाताने उचलले जातात, तेव्हा बाजूला उघडणारे एकपाखी दार पुरे.

ॲक्सलच्या जागेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण घरी बांधलेल्या ट्रेलरचे यशापयश इथे ठरते. बैलगाडीत ओझे मागे सरकले की ती उलाळ होते आणि पुढे सरकले की धुरजड होते, तोच हिशेब इथे आहे. फरक एवढाच की महामार्गाच्या वेगाला उलाळ ट्रेलर नुसता वर उचलला जात नाही, तो आडवा झुलू लागतो. प्रत्येक ट्रेलरला एक घातक वेग असतो. त्याखाली धक्क्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याने सुरू झालेला झोका आपोआप शमतो आणि त्याच्यावर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. वजन मागे गेले की हा घातक वेग खाली येतो आणि तुमच्या रोजच्या वेगाच्या आत पोहोचतो. ॲक्सल मधोमध बसवला तर दांडीवरचा भार जवळजवळ शून्य होतो. तुमच्या दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर म्हणूनच स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

‘पुढे ६० टक्के, मागे ४० टक्के’ हा ठोकताळा प्रचलित आहे, पण दांडीची लांबी बदलली की तो चुकतो. त्यामुळे गणित करा, ते सोपे आहे. पेटीच्या पुढच्या कडेपासून बॉलपर्यंत दांडी ४८ इंच धरा. पेटीचा मध्य तिच्या पुढच्या कडेपासून ४८ इंचांवर, म्हणजे बॉलपासून ९६ इंचांवर येतो आणि सामान सारखे पसरले असेल तर एकूण वजनाचा मध्य तिथेच जवळपास असतो. बॉलवर १२ टक्के भार हवा असेल तर ९६ ला ०.८८ ने भागा: १०९ इंच. ॲक्सलचा मध्य बॉलपासून १०९ इंचांवर, म्हणजे पेटीच्या मध्यापासून १३ इंच मागे येईल. टॉर्शन ॲक्सल घेणार असाल तर एक बाब विसरू नका: त्यात चाक मागे झुकलेल्या हातावर असते, म्हणून चाकाचा मध्य बसवण्याच्या कंसाच्या मागे पडतो आणि वरचे अंतर चाकाच्या मध्याला लागू होते, कंसाला नव्हे. पाट्यांच्या ॲक्सलला कंसांची भोके दोन-तीन इंच पुढे-मागे सरकवता येतील अशी ठेवली तर पेटी चढवल्यावर प्रत्यक्ष मोजून सुधारणा करता येते, आणि मी हेच सुचवतो.

मोजण्यासाठी घरातला वजनकाटा चालतो. तीन फूट अंतरावर दोन टेकू घ्या, एक विटेचा आणि दुसरा काट्यावर ठेवलेला; त्यांवर मजबूत फळी आडवी टाका आणि विटेपासून एक फुटावर, फळीच्या वर, ट्रेलरची दांडी टेकवा. काट्यावर जो आकडा दिसेल त्याची तिप्पट म्हणजे दांडीवरचा भार. फळीचे वजन आधी वजा करा. हे मोजताना ट्रेलर सपाट उभा असला पाहिजे आणि कपलरची उंची गाडीच्या बॉलइतकी असली पाहिजे.

दांडी लांब केली की ट्रेलर स्थिर होतो आणि मागे घेताना हाताळायलाही सोपा जातो, म्हणून ४८ इंचांपेक्षा आखूड करू नका. मात्र तिच्यावरचा सर्वांत मोठा ताण तिच्या टोकाला नसून जिथे ती चौकटीच्या पुढच्या पट्टीखालून जाते तिथे येतो. १५० पौंडांचा भार ४८ इंचांवर आणि खड्ड्यांतील धक्क्यांसाठी तिप्पट धरला, तर दोन इंची चौरस आणि अष्टमांश जाडीची एकच नळी पोलादाच्या वाकण्याच्या मर्यादेजवळ पोहोचते. दोन नळ्यांची ‘ए’ आकाराची दांडी केली की ताण वाटला जातो आणि आडवा पीळही सोसतो. वेल्डिंग या जागी नळीच्या लांबीच्या दिशेने, बाजूंवर करा; वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागावर आडवी रेघ ओढू नका आणि तिथे भोकही पाडू नका, कारण भेग तिथूनच सुरू होते. वेल्डिंगचा हात पक्का नसेल तर बोल्टांनी जोडायचा तयार सांगाडा विकत घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट कारखान्याचे प्रमाणपत्र आणि चासी क्रमांक आयता मिळतो आणि नोंदणी सुकर होते. घरी बनवलेल्या सांगाड्याला राज्याच्या मोटार वाहन विभागाकडून क्रमांक घ्यावा लागतो, तपासणी होऊ शकते आणि पोलाद, ॲक्सल वगैरेंच्या पावत्या मागितल्या जाऊ शकतात, म्हणून त्या पहिल्या दिवसापासून जपा.

पाटे निवडताना ‘जास्त क्षमतेचे म्हणजे चांगले’ हा समज सोडावा. ३५०० पौंडांच्या पाट्यांवर ६०० पौंडांचा रिकामा ट्रेलर नुसता उड्या मारतो, चाक रस्ता सोडते आणि आतल्या स्पीकरचे हाल होतात. तुमच्यासाठी २००० पौंडांचा ॲक्सल आणि एकूण वजनाला जुळणारे पाटे योग्य. चाके ८ इंची घेऊ नका, १२ इंची घ्या. ताशी ६५ मैलांना ८ इंची रिमवरचे चाक मिनिटाला साडेतेराशेच्या आसपास फेरे घेते, १२ इंची रिमवरचे अकराशेच्या आत आणि तुमच्या एसयूव्हीचे आठशेच्या आसपास. बेअरिंग तापण्यामागे हा फेऱ्यांचाही हिशेब असतो. टायर खास ट्रेलरचे, ‘एसटी’ खुणेचे घ्या आणि थंड असताना बाजूवर छापलेल्या दाबाइतकी हवा भरा. त्यांवर वेगळी वेगखूण नसेल तर ताशी ६५ मैल ही त्यांची कमाल मर्यादा समजा.

चाके पेटीच्या बाहेर ठेवा. त्यामुळे तळ खाली येतो, चाकांमधले अंतर वाढते आणि आत चाकांचे उंचवटे येत नाहीत. तळ १८ ते २० इंचांवर आणि पेटी ४ फूट उंच असली तर छत साडेपाच-पावणेसहा फुटांवर, म्हणजे एसयूव्हीच्या छताच्या आसपास राहते. याहून वर चढू नका. गाडी ज्या वाऱ्याला वाट करून देते त्याच्या सावलीत ट्रेलर राहिला तर इंधनाचा भुर्दंड मर्यादित राहतो. ताशी ५५ वरून ६५ मैलांवर गेले की वाऱ्याचा रोध ४० टक्क्यांनी वाढतो. छोट्या इंजिनाला १००० पौंड जास्तीचे वजन जेवढे जाणवत नाही तेवढा हा रोध सपाट रस्त्यावर जाणवतो. पेटीच्या पुढच्या उभ्या कडा आणि छताची पुढची कड चांगली गोल करा. टोकदार नाकाची पेटी बांधण्याच्या खटाटोपापेक्षा त्या गोलाईचा फायदा श्रमाच्या मानाने अधिक असतो.

पाण्यापासून बचावाबद्दल फार लिहीत नाही. छताला किंचित बाक द्या, छतावर वरून स्क्रू मारू नका, सांधे पॉलियुरेथेन सीलंटने भरा (सिलिकॉनवर रंग धरत नाही) आणि प्लायवूडच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने मुरवून घ्या. कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूड तळाला वापरायचा मोह होईल, पण ते ॲल्युमिनियमला आणि साध्या स्क्रूंना खाते. वापरलेच तर स्टेनलेस स्क्रू घ्या. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असते, त्यामुळे नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळण्याची व्यवस्था ठेवा. आत दमट हवा कोंडू नये म्हणून समोरासमोर दोन झरोके द्या. ओलसर पेटीत ठेवलेल्या दोरीच्या ढोलांना ते आवश्यकच आहे.

दिव्यांचे नियम केंद्रीय आहेत: मागचे, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे, क्रमांकपट्टीचा दिवा, बाजूंना पुढे पिवळसर व मागे लाल दिवे आणि परावर्तक. एकूण रुंदी ८० इंचांच्या आत ठेवली तर वर एका ओळीत लावायच्या तीन दिव्यांची भानगड टळते. चार तारांच्या जोडणीत पांढरी तार अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या वळण-ब्रेकची असते. ट्रेलरचे दिवे मिणमिणतात किंवा वळणाचा दिवा लावल्यावर भलताच लुकलुकतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. म्हणून प्रत्येक दिव्यापासून वेगळी पांढरी तार ओढून पुढे आणा, लोखंडी सांगाड्यावर विसंबू नका. तुमच्या गाडीचे वळणाचे दिवे पिवळे आणि वेगळे असतील तर मध्ये ब्रेक आणि वळणाचे संकेत एकाच तारेत आणणारा कन्व्हर्टर लागेल, आणि तो थेट बॅटरीवरून वीज घेणारा असावा.

बॉल आणि कपलर यांचे माप तंतोतंत एक असले पाहिजे. १ ७/८ इंचाच्या कपलरवर २ इंची बॉल बसतच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते. पण २ इंची कपलरखाली १ ७/८ चा बॉल असला तर कडी लागल्यासारखी दिसते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर सुटतो. कडी लावल्यावर पुढचा जॅक खाली करून गाडीची शेपूट इंचभर उचलून पाहा. बॉल कपलरमध्येच राहिला तर जोडणी खरी. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्यांच्या झोळीत पडेल.

सामान भरताना स्पीकर आणि टेबले ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाशी ठेवा, ढोल त्यांच्या मागे-पुढे आणि वर. सर्व स्पीकर नाकाला आणि सर्व टेबले शेपटाला अशी विभागणी करू नका. काट्यावर दांडीचा भार बरोबर दिसेल, तरीही दोन टोकांना जड असलेला ट्रेलर झुलू लागल्यावर थांबायला तयार नसतो. बांधण्याच्या कड्या प्लायवूडला नव्हे, तर आरपार बोल्टने पोलादी चौकटीला जोडा. रस्त्यात झोका सुरू झालाच तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करू नका. चाक सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा आणि थांबल्यावर वजन पुढे सरकवा.

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरसह गावातल्या रस्त्यांवर, दुसरी अर्ध्या भाराने करा. निघाल्यावर १० मैलांनी थांबून दोन्ही हब हाताने तपासा. कोमट असणे ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंगची नट जास्त आवळली आहे किंवा ग्रीस अपुरे आहे. नट चाक फिरवत आवळून, मग सैल करून, केवळ बोटांनी लागेल तेवढी लावायची आणि खिळ घालायची असते. चाकांच्या नटा १०, २५ आणि ५० मैलांनी पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, कारण नव्या रिमचा रंग दबून त्या सैल पडतात. पथकाचे पूर्ण सामान भरल्यावर एकदा ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा आणि ट्रेलर जोडून व सोडून अशी दोन वजने घ्या. पथक वाढत जाईल तसे सामानही वाढेल, म्हणून ती पावती पेटीच्या दारावर आतून चिकटवून ठेवा आणि नवी वस्तू चढवण्याआधी तिच्यावरचा आकडा पाहा.